पश्चिम रोमन साम्राज्याचा अस्त : 476 की 439?

शिलालेख (धागाकर्ता)

शालेय पुस्तकांत पश्चिम रोमन साम्राज्याच्या अंताचे वर्ष म्हणून इ.स. 476 दिलेले असते आणि परीक्षेपुरते ते पुरेसेही असते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ओडोएकर या सेनानीने रोम्युलस ऑगस्ट्युलस या अल्पवयीन सम्राटाला गादीवरून उतरवले आणि त्याच्या जागी दुसरा कोणी बसवला नाही, हे खरेच आहे. परंतु त्या दिवशी या मुलाच्या नावाने कारभार चालत होता तो इटलीत आणि तिच्या लगतच्या थोड्या मुलखात. ब्रिटन हातचे जाऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या, स्पेन आणि गॉल (म्हणजे ढोबळमानाने आजचा फ्रान्स) यांची वाटणी होऊन गेली होती आणि आफ्रिका जाऊन 37 वर्षे झाली होती. जे आधीच संपलेले होते त्याच्यावर 476 मध्ये केवळ शिक्कामोर्तब झाले. हा धागा काढण्यामागचा हेतू असा की, ते नेमके कधी आणि कशाने संपले याचा विचार राजवाड्याच्या दारातून न करता खजिन्याच्या दारातून करावा. माझ्या मते निर्णायक तारीख 19 ऑक्टोबर 439 ही आहे. त्या दिवशी व्हँडल या जर्मन टोळीचा राजा गेझेरिक याने उत्तर आफ्रिकेतील कार्थेज हे बंदर घेतले.

हे पटवून देण्यासाठी आधी हे राज्य चालत कसे होते ते पाहणे भाग आहे. रोमन राज्याचा सर्वांत मोठा खर्च फौजेचा होता आणि सर्वांत मोठे उत्पन्न शेतजमिनीवरील कराचे होते. ऱ्हाईन आणि डॅन्यूब या नद्यांच्या काठी जिथे फौज तैनात होती, तो सीमाप्रदेश स्वतःचा खर्च भागवण्याइतका पिकत नव्हता. तिथल्या सैनिकाचा पगार, धान्य, कपडे आणि शस्त्रे मागच्या सुरक्षित प्रांतांच्या वसुलीतून यायची. पश्चिमेकडे अशा प्रांतांत पहिला क्रमांक उत्तर आफ्रिकेचा लागत असे, म्हणजे आजच्या ट्युनिशियाचा आणि अल्जीरियाच्या पूर्वेकडील भागाचा. गहू आणि ऑलिव्ह तेल तिथे मुबलक. दक्षिणेला वाळवंट, उत्तरेला समुद्र, त्यामुळे मोठ्या शत्रूचे भय नाही. फौज थोडी, खर्च कमी, शिल्लक भरपूर. ईजिप्तचा गहू चौथ्या शतकापासून कॉन्स्टँटिनोपल या पूर्वेच्या राजधानीकडे वळवला गेल्यावर रोम शहराचे पोट मुख्यतः कार्थेजहून निघणाऱ्या गलबतांवर अवलंबून राहिले.

आता घटनाक्रम पाहू. 376 मध्ये हूणांच्या रेट्याने पळालेले गॉथ लोक डॅन्यूबच्या काठावर येऊन आश्रय मागू लागले आणि सम्राट व्हॅलेन्सने त्यांना नदी ओलांडू दिली. मोठे लोकसमूह सामावून घेणे रोमला नवीन नव्हते. नवीन होता तो तिथल्या अधिकाऱ्यांचा कारभार. अम्मियानस मार्सेलिनस हा त्याच काळातील इतिहासकार सांगतो की, छावणीत धान्य पोहोचू न देता या अधिकाऱ्यांनी उपाशी गॉथांना कुत्री खायला दिली आणि एकेका कुत्र्याच्या बदल्यात एकेक मूल गुलाम म्हणून घेतले. त्यात गॉथ सरदारांची मुलेही होती. असे वागवलेले लोक बंड करणार नाहीत तर काय करणार? 9 ऑगस्ट 378 रोजी अ‍ॅड्रियानोपलच्या रणांगणावर व्हॅलेन्स मारला गेला आणि त्याच्या फौजेचा जेमतेम एक तृतीयांश भाग वाचला. चार वर्षांनी जो तह झाला त्यात गॉथांना साम्राज्याच्या हद्दीत, त्यांच्या स्वतःच्या नेतृत्वासह राहू द्यावे लागले. पराभूत टोळी फोडून, विखरून वसवण्याची रोमची जुनी पद्धत इथे मोडली.

395 मध्ये सम्राट थिओडोसियस मरण पावला आणि साम्राज्याची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली. पश्चिमेच्या गादीवर आला होनोरियस, वय वर्षे दहा. 406 च्या अखेरीस व्हँडल, अ‍ॅलन आणि स्वेव्ह यांनी ऱ्हाईन ओलांडली आणि गॉल लुटत ते स्पेनपर्यंत पोहोचले. या धामधुमीत ब्रिटनमधील सैन्याने आपलाच एक सम्राट उभा केला आणि तो फौज घेऊन गॉलमध्ये उतरला. त्यानंतर त्या बेटावर केंद्राचा अंमल पुन्हा बसला नाही. 408 मध्ये होनोरियसने स्टिलिको या आपल्या सर्वांत कर्तबगार सेनापतीला ठार करवले आणि 410 मध्ये अलारिकच्या गॉथांनी रोम शहर तीन दिवस लुटले. सगळ्या जगाला धक्का देणारी ही घटना राज्याच्या दृष्टीने मात्र तितकी घातक नव्हती, कारण दरबार उत्तर इटलीतील रॅव्हेन्नाला होता आणि आफ्रिकेची वसुली चालू होती. पुढच्या दहा वर्षांत कॉन्स्टँटियस या सेनापतीने बरीचशी घडी पुन्हा बसवली. गॉथांना 418 च्या सुमारास नैर्ऋत्य गॉलमध्ये जमिनी दिल्या आणि त्यांच्याकडून स्पेनमध्ये व्हँडलांविरुद्ध लढाया करवून घेतल्या. सावरण्याची शक्ती अजून होती ती याच पैशाच्या बळावर.

मग 429 मध्ये गेझेरिक आपले सगळे लोक, म्हणजे बायकामुलांसह 80,000 माणसे (हा समकालाजवळच्या लेखकाचा आकडा आहे, तो फुगवलेला असणे शक्य आहे), घेऊन जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून आफ्रिकेत उतरला. त्याला अडवण्याऐवजी रोमन सेनापती काय करत होते? एटियस आणि बोनिफॅसियस हे दोघे दरबारातील वर्चस्वासाठी एकमेकांवर चालून जात होते. 430 मध्ये हिप्पो शहराला वेढा पडला. त्या वेढ्यातच तिथला बिशप ऑगस्टीन वारला. 435 मध्ये तह झाला, गेझेरिकला थोडा प्रदेश मिळाला, आणि चार वर्षांनी तह मोडून त्याने कार्थेज जवळजवळ न लढता घेतले. बंदरासह तिथली जहाजे आणि खलाशीही त्याच्या हाती आले, आणि ज्या समुद्रात पाचशे वर्षे रोमला प्रतिस्पर्धी नव्हता त्या समुद्रात चाचेगिरी सुरू झाली.

याचा परिणाम सांगायला कोणा इतिहासकाराची गरज नाही, सम्राट व्हॅलेंटिनियन तिसरा याचे कायदेच तो सांगतात. 444-445 च्या सुमारास काढलेल्या फर्मानात तो उघड कबूल करतो की, करदाते थकलेले आहेत आणि त्यांच्याकडून येणाऱ्या उत्पन्नात नव्या भरतीचे राहोच, जुन्या सैनिकांच्या अन्नवस्त्राचीही सोय होत नाही. म्हणून विक्रीवर नवा कर बसवला जातो : किमतीच्या चोविसाव्या भागाइतका, अर्धा विकणाऱ्याकडून, अर्धा घेणाऱ्याकडून. 442 च्या तहाने आफ्रिकेचा जो दुय्यम भाग परत मिळाला होता त्या न्युमिडिया वगैरे प्रांतांची अवस्था अशी होती की, 445 मध्ये त्यांचा कर पूर्वीच्या एक अष्टमांशावर आणावा लागला. आठातले सात भाग माफ करण्याची पाळी यावी, आणि तीही तिजोरीत खडखडाट असताना, याचा अर्थ तिथे वसूल करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

यानंतरचे चक्र थांबवता येण्यासारखे नव्हते. प्रांत गेला की वसुली गेली, वसुली गेली की फौज घटली, फौज घटली की पुढचा प्रांत गेला. एटियससारखा सेनापती 451 मध्ये हूणांचा राजा अटिला याला गॉलमध्ये रोखू शकला तो मुख्यतः गॉथांना सोबत घेऊन, आणि त्या मदतीची किंमत प्रत्येक वेळी जमिनीच्या रूपात मोजावी लागत होती.

याचे मला माहीत असलेले सर्वांत जवळून टिपलेले चित्र युजिपियस या भिक्षूने लिहिलेल्या संत सेव्हेरिनसच्या चरित्रात आहे. डॅन्यूब आणि इन या नद्यांच्या संगमावर बटाविस नावाचे ठाणे होते, आजचे पासाऊ. युजिपियस लिहितो की, साम्राज्य उभे होते तोवर अनेक गावांतील शिपायांना तटाच्या रक्षणासाठी सरकारी पगार मिळत असे; ती रीत बंद पडली तशा त्या तुकड्या विरघळल्या, पण बटाविसची तुकडी तग धरून होती. त्यांतील काही जण आपल्या साथीदारांचा अखेरचा पगार आणण्यासाठी इटलीकडे निघाले आणि वाटेत मारले गेले. ही बातमी ठाण्यात पोहोचली ती नदीच्या प्रवाहाने त्यांची प्रेते काठाला आणून लावली तेव्हा. साम्राज्याच्या सीमेवरील एका ठाण्याची फौज हारली नाही, फितुरही झाली नाही. तिचा पगार आला नाही, इतकेच.

सभासदांनी आपली मते सविस्तर मांडावीत. विशेषतः तिसऱ्या शतकातील संकटाबद्दल कोणी लिहिले तर चर्चेला बळकटी येईल.

नाणेसंग्राहक

उत्तम धागा. तिसऱ्या शतकाबद्दल विचारलेत म्हणून नाण्यांच्या बाजूने लिहितो, कारण राज्याची नाडी नाण्यात सापडते असे माझे मत आहे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळातील डिनारियस हे नाणे जवळजवळ शुद्ध चांदीचे होते. नीरोने 64 मध्ये त्यात थोडी भेसळ केली, सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात ती निम्म्यापर्यंत गेली, आणि 215 मध्ये कॅराकॅलाने जे नवे नाणे काढले (किंमत दोन डिनारियसची, चांदी मात्र सुमारे दीडची) ते 268 च्या आसपास चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्यावर आले होते. त्यातील चांदी शेकडा पाचाहूनही कमी. त्या काळातील नाणे हातात घेतले तर कडेला मुलामा उडून लालसर धातू उघडा पडलेला स्पष्ट दिसतो. 235 ते 284 या पन्नास वर्षांत सम्राट एकामागून एक मारले गेले, 260 मध्ये व्हॅलेरियन तर इराणच्या शापूर पहिल्याच्या हाती जिवंत सापडला, आणि त्या प्रसंगाचे शिल्प नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर आजही आहे. 301 मध्ये डायोक्लेशनने वस्तूंचे कमाल दर ठरवणारा हुकूम काढला, तोही फार काळ चालला नाही.

स्थैर्य आले ते सम्राट कॉन्स्टंटाइनच्या सॉलिडस या सोन्याच्या नाण्याने. एका रोमन पौंड सोन्यात 72 नाणी, प्रत्येकी साधारण साडेचार ग्रॅम. पूर्वेत हे मान सातशे वर्षे टिकले. मात्र त्यानंतर सरकारने सोन्यातच कर मागायला सुरुवात केली आणि सामान्य शेतकऱ्याच्या हाती होते तांब्याचे चिल्लर. माझी शंका अशी की, रोग इतका जुना असताना 439 वर इतका भर देणे कितपत योग्य? शंभर वर्षे आधीच पाया खचलेला नव्हता काय?

शिलालेख

मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते तिसरे शतक हाच माझ्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे. 260 नंतर गॉल, ब्रिटन आणि स्पेन यांचे वेगळे साम्राज्य झाले, 270 च्या सुमारास सीरियातील पाल्मिराच्या राणी झेनोबियाने ईजिप्तपर्यंतचा पूर्वभाग घेतला. नकाशा पाहिला तर ही अवस्था 440 पेक्षाही वाईट दिसते. तरीही सम्राट ऑरेलियनने 272 ते 274 या काळात सगळे परत जोडले. हे शक्य झाले कारण फुटून निघालेल्या प्रदेशांत कर वसूल करणारे, हिशेब ठेवणारे आणि फौज पोसणारे तंत्र रोमनच राहिले होते. गादीवरील माणूस बदलला की तोच महसूल पुन्हा केंद्राकडे वळत असे. शिवाय केंद्रातील सम्राटाकडे त्या काळात आफ्रिका कायम होती.

पाचव्या शतकात असे झाले नाही. गेझेरिकने कार्थेजच्या परिसरातील मोठ्या रोमन जमीनदारांना हुसकावून त्यांच्या जमिनी आपल्या लोकांना दिल्या. या जमिनींवर कर नव्हता. म्हणजे हा महसूल परत मिळवायचा झाला असता तर केवळ राजा हटवून भागले नसते, तिथे बसलेली नवी जमीनदारी मोडावी लागली असती.

पांथस्थ

वाचताना एक प्रश्न पडला. ऐषआराम, नैतिक अधःपतन, ख्रिस्ती धर्मामुळे लढाऊ वृत्ती कमी होणे आणि शिशाच्या नळांचे पाणी, ही कारणे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. 1776 पासून प्रसिद्ध झालेल्या, रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील इंग्रज इतिहासकार गिबनच्या ग्रंथातही धर्माला बराच दोष दिलेला आहे. या सर्व कारणांना आपण एका ओळीचीही जागा दिलेली नाही, ती मुद्दाम का?

शिलालेख

होय, मुद्दाम. या प्रत्येक कारणाला एकच कसोटी लावावी : ते पूर्वेलाही लागू होते का? पूर्वेकडील अर्धे साम्राज्य अधिक ख्रिस्ती होते, अधिक श्रीमंत होते, तिथेही शिशाचे नळ होते आणि राजवाड्यातील कटकारस्थानांची तर तिथे कमतरता नव्हती. ते अर्धे मात्र 1453 पर्यंत टिकले. जे कारण दोन्हीकडे समान आहे ते एकाच बाजूच्या मरणाचे कारण होऊ शकत नाही.

दोन्हीकडे वेगळे काय होते ते पाहिले तर पुन्हा आपण तिजोरीपाशीच येतो. पूर्वेची श्रीमंत ठिकाणे, म्हणजे ईजिप्त, सीरिया आणि आशिया मायनर, डॅन्यूबच्या शत्रूपासून समुद्राने तुटलेली होती आणि त्या समुद्राच्या तोंडाशी 413 मध्ये बांधलेल्या तटबंदीआड कॉन्स्टँटिनोपल बसलेले होते. इराणशी पाचव्या शतकात दोन छोट्या लढाया सोडल्या तर शांतता होती. हूणांनी बाल्कन उद्ध्वस्त केला तरी ईजिप्तचा कर थांबला नाही. 518 मध्ये पूर्वेचा सम्राट अनास्तासियस वारला तेव्हा खजिन्यात 3,20,000 पौंड सोने शिल्लक होते असे इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. याच्या उलट, 455 ते 476 या 21 वर्षांत पश्चिमेला नऊ सम्राट झाले आणि त्यांतील बहुतेकांपुढे पहिला प्रश्न एकच होता, शिपायांना द्यायचे काय.

कृष्णाकाठ

या चर्चेशी आपल्या किनाऱ्याचा एक खरा धागा जोडलेला आहे, तो इथे नोंदवणे आवश्यक वाटते. 408 मध्ये अलारिकने रोमला पहिला वेढा घातला आणि शहराने खंडणी देऊन सुटका करून घेतली. झोसिमस या इतिहासकाराने दिलेली खंडणीची यादी अशी आहे : 5,000 पौंड सोने, 30,000 पौंड चांदी, रेशमाचे 4,000 अंगरखे, लाल रंगवलेली 3,000 कातडी आणि 3,000 पौंड मिरी. रोमन पौंड सुमारे 327 ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ एक टन मिरी. ही मिरी मलबारची. वेढ्यात सापडलेल्या, उपासमार चाललेल्या शहराच्या कोठारांतून एवढा माल निघाला, यावरून त्या व्यापाराचा आवाका लक्षात यावा. ईजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरातील देवळाच्या उत्खननात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो मिरी मिळाली आहे, ती पहिल्या शतकातील. आपल्या बाजूला कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली, आणि ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक खलाशी-पोथीत भडोच, सोपारा, कल्याण, तसेच घाटावरील पैठण आणि तेर यांची नावे आहेत.

धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याशी याचा संबंध असा की, भारतातून ईजिप्तमध्ये उतरणाऱ्या मालावर रोमन सरकार किमतीच्या चौथ्या हिश्श्याइतकी जकात घेत असे. दुसऱ्या शतकातील मुझिरिस पपायरसमध्ये (मलबारच्या मुझिरिस बंदराशी चालणाऱ्या व्यापाराच्या दस्तऐवजात) ‘हर्मापोलोन’ नावाच्या एकाच जहाजावरील मालाची किंमत सुमारे 70 लाख सेस्टर्स (रोमन नाणी) भरते; त्याचा चौथा हिस्सा सरकारजमा. ही जकात कोणत्या बंदरात भरली जात होती ते पाहा. ते सगळे ईजिप्तमध्ये, म्हणजे 395 नंतर पूर्वेच्या वाट्याला. पश्चिमेच्या सरदारांनी मिरी खाल्ली, कर मात्र कॉन्स्टँटिनोपलला गेला. पश्चिमेला पडझड झाल्यावरही आपल्या किनाऱ्याचा व्यापार संपला नाही. सहाव्या शतकातील कॉस्मस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी ‘कॅलियाना’ या मोठ्या व्यापारी बंदराचा उल्लेख करतो आणि तिथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे सांगतो. बहुतेक अभ्यासक हे ठिकाण आपले कल्याणच मानतात.

इंग्लंडमधील हॉक्सनचा निधीही इथे आठवतो. 1992 मध्ये शेतात हरवलेला हातोडा शोधताना तो सापडला. सुमारे 15,000 सोन्याचांदीची नाणी, दागिने, आणि त्यांत चांदीच्या चार मिरीदाण्या. एक तर एका खानदानी स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची, तळाशी मिरीपूड पडण्यासाठी फिरती चकती असलेली. हा ठेवा 407 नंतर पुरला गेला आणि पुरणारे कुटुंब तो काढायला परत आले नाही.

दीपमाळ

आतापर्यंतची सर्व चर्चा राज्याच्या बाजूने झाली, म्हणून रयतेच्या बाजूने लिहिते. ज्या फौजेसाठी हा कर गोळा होत होता त्या कराखाली शेतकरी पिचलेला होता. मार्सेचा साल्व्हियन हा धर्मगुरू 440 च्या सुमारास लिहितो की, गरीब लोक रोमन वसुलीच्या जाचापेक्षा गॉथांच्या मुलखात जाऊन राहणे पसंत करतात. श्रीमंत सिनेटर आपल्या वशिल्याने थकबाकी माफ करून घेत आणि त्यांचा बोजा गरिबांवर पडे. अशा राज्याचा अस्त झाला तर सामान्य माणसाचे नेमके काय बिघडले? आपण राजधानीच्या डोळ्यांनी रडत तर नाही ना?

शिलालेख

दीपमाळ, तुमचा प्रश्न या धाग्यातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. साल्व्हियनचे म्हणणे मी खरे मानतो. तो प्रवचनकार असल्याने शब्दांना धार आहे, पण श्रीमंतांना मिळणाऱ्या करमाफीबद्दल खुद्द सम्राटांचे कायदेही तक्रार करतात. पश्चिमेचा सम्राट मेजोरियन याने 458 मध्ये थकबाकी माफ करताना वसुली अधिकाऱ्यांच्या जुलमाविरुद्ध जे लिहिले आहे ते साल्व्हियनपेक्षा फारसे सौम्य नाही.

तरीही सामान्य माणसाचे बिघडले असे मी म्हणतो, आणि त्याचा पुरावा कोणाच्या लेखणीतून नव्हे तर जमिनीतून येतो. रोमन काळात इटलीतील लहान शेतकऱ्याच्या घरीही कौलांचे छप्पर असे आणि आफ्रिकेहून आलेली तांबड्या झिलईची थाळी असे. पाचव्या ते सातव्या शतकांतील थरांत हे सारे टप्प्याटप्प्याने नाहीसे होते. ब्रिटनमध्ये तर चाकावर भांडी घडवण्याचे कसबच काही पिढ्या लुप्त झाले, नाणी वापरातून गेली, आणि रोमनांच्या आधीच्या लोखंडी युगातील शेतकऱ्याला जे मिळत होते तेही मिळेनासे झाले. गाईबैलांच्या हाडांची मोजमापे सांगतात की जनावरेही आकाराने लहान झाली. साधी, स्वस्त, चांगली वस्तू गरिबाच्या दारी पोहोचवण्यासाठी सुरक्षित रस्ता, चालणारे नाणे आणि दूरचे गिऱ्हाईक लागते. ज्या राज्याने त्याला पिळले त्याच राज्याने हे सगळे टिकवले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

वरच्या वर्गाबद्दल एक गोष्ट जोडतो. जमीनदाराला जमीन उचलून पळता येत नाही. सम्राट रक्षण करू शकत नाही असे दिसताच त्याला जवळच्या राजाशी जुळवून घ्यावे लागते. सिडोनियस अपोलिनारिस हा गॉलमधील सिनेटर कुळातील कवी, पुढे क्लेर्मोंचा बिशप झाला, आणि त्याने गॉथांच्या वेढ्यांत गावाला अनेक वर्षे धीर दिला. 475 मध्ये इटलीच्या दरबाराने प्रोव्हान्स राखण्यासाठी त्याचा ओव्हेर्न्य प्रांत गॉथ राजा युरिकला देऊन टाकला. त्याने मार्सेच्या बिशपला लिहिलेल्या पत्रातील मजकूर आजही अस्वस्थ करतो : इतरांच्या सुरक्षिततेसाठी आमच्या गुलामगिरीचा सौदा झाला. लढायला तयार असलेल्या माणसाला त्याच्याच सरकारने विकले, आणि काही काळाने त्याच सिडोनियसला सुटकेसाठी युरिकच्या स्तुतीच्या ओळी लिहाव्या लागल्या.

जुनी वही

आफ्रिका इतकी मोलाची होती तर ती परत घेण्याचा प्रयत्न कोणी केला नाही का? आणि 476 नंतर रोम शहराचे आणि सिनेटचे काय झाले, हेही सांगावे.

शिलालेख

प्रयत्न तीनदा झाला आणि तिन्ही वेळा घास हातातोंडाशी येऊन गेला. 441 मध्ये पूर्वेचे मोठे आरमार सिसिलीत पोहोचले होते. तेवढ्यात अटिलाने डॅन्यूब ओलांडली आणि त्याला परत बोलवावे लागले. 460 मध्ये मेजोरियनने स्पेनच्या किनाऱ्यावर जहाजे जमवली. फितुरीने ती व्हँडलांच्या हाती गेली आणि पुढच्याच वर्षी त्याच्याच सेनापतीने, रिसिमरने, त्याचा शिरच्छेद करवला. पश्चिमेचा हा शेवटचा लायक सम्राट होता असे माझे मत आहे. 468 चा प्रयत्न सर्वांत मोठा. पूर्व आणि पश्चिम एकत्र आली, 60,000 पौंडांहून अधिक सोने ओतले गेले, आरमार कार्थेजपासून फार दूर नसलेल्या बॉन भूशिरापाशी जाऊन थांबले. बॅसिलिस्कस या सेनापतीने गेझेरिकला पाच दिवसांची मुदत दिली, त्या अवधीत वारा फिरला आणि व्हँडलांनी पेटती जहाजे गर्दी करून उभ्या असलेल्या ताफ्यात सोडली. त्या रात्रीनंतर पूर्वेची तिजोरीही पुढची कित्येक वर्षे रिकामी राहिली. पश्चिमेला सावरणारे कोणी उरले नाही. 476 ला उरले होते ते आठ वर्षांनंतरचे कागदोपत्री काम : इटलीतील फौजेने पगाराऐवजी जमीन मागितली, ती नाकारली गेली, आणि ओडोएकर राजा झाला. रोम्युलस ऑगस्ट्युलसला जीवदान, दक्षिण इटलीतील कॅम्पानियात वाडा आणि वर्षाला 6,000 सॉलिडसची नेमणूक मिळाली. राजचिन्हे कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट झेनो याच्याकडे पाठवून देण्यात आली.

रोम शहराला त्या वर्षी फारसे काही जाणवले नसावे. ओडोएकर आणि त्याच्यानंतर गॉथ राजा थिओडोरिक यांच्या अमलात कर पूर्वीच्याच पद्धतीने घेतला जाई, सिनेट भरे, कॉन्सल नेमले जात, मोडक्या इमारतींची डागडुजी होई. शहराची खरी दैना झाली ती 535 नंतर, जेव्हा पूर्वेचा सम्राट जस्टिनियन याने कॉन्स्टँटिनोपलहून इटली ‘परत मिळवण्यासाठी’ फौज पाठवली. 537 मध्ये वेढा घालणाऱ्या गॉथांनी पाण्याचे पूल तोडले, 546 मध्ये गॉथ राजा तोतिलाने शहर घेऊन रिकामे करवले, आणि ऑगस्टसच्या काळी ज्या नगराची वस्ती दहा लाखांच्या आसपास मानली जाते तिथे काही हजार माणसे उरली. युद्ध 554 मध्ये संपले, आणि 568 मध्ये लोंबार्ड ही आणखी एक जर्मन टोळी इटलीत उतरली. सिनेटचा शेवटचा ज्ञात उल्लेख 603 चा आहे. 630 मध्ये सिनेटच्या सभागृहाचे चर्च झाले, आणि त्यामुळेच फोरममध्ये (रोमच्या जुन्या मध्यवर्ती चौकात) ती इमारत आजही छपरासह उभी आहे.